जाम झालेला पिस्टन आणि पास्कलचा नियम

मोटारीचे चाक थांबवण्यासाठी त्याच्याबरोबर फिरणारी चकती दोन बाजूंनी चिमटीत धरायची, ही कल्पना बरीच जुनी आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्याने १९०२ साली तिचे पेटंट घेतले. परंतु त्याच्या ब्रेकमध्ये धातूवर धातू घासला जाई. आवाज कर्कश येई आणि झीजही भराभर होई. त्यामुळे पुढची पन्नास वर्षे ड्रम ब्रेकचीच राहिली.

दरम्यान दुसरी एक सोय झाली. अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने पायाचा जोर द्रवातून चाकांपर्यंत नेणारा ब्रेक तयार केला. १९२१ मध्ये ड्यूसेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना तो बसला. यामागचे तत्त्व पास्कलचे. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे सांगणारा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ साली प्रसिद्ध झाला होता. १९५३ च्या ले मां शर्यतीत डनलॉपचे चकती-ब्रेक लावलेली जग्वार मोटार ताशी सुमारे १७० किलोमीटर सरासरी वेगाने पहिली आली. १९५५ च्या सित्रोएन डीएसपासून हे ब्रेक मोठ्या संख्येने बनणाऱ्या मोटारींतही आले.

त्या काळच्या मोटारी आज हौसेने दुरुस्त केल्या जातात. तेव्हा पहिली अडचण येते ती कॅलिपरची, म्हणजे चकतीला चिमटीत धरणाऱ्या भागाची. त्यातला पिस्टन जागचा हलत नाही. असे का होते?

गॅरेजमध्ये ज्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतात, ते बहुधा तेल नसतेच. ते ग्लायकॉल वर्गातील द्रवांचे मिश्रण असते आणि हवेतील ओलावा शोषून घेते. हा दोष वाटेल, पण त्यात गुणही आहे. पाणी मिसळले नाही, तर त्याचे थेंब खोलगट भागात साचतील आणि ब्रेक तापताच त्यांची वाफ होईल. वाफ दाबली जाते, मग पेडल नुसतेच खाली जाते. मिसळलेले पाणी हा धोका कमी करते, पण वर्षानुवर्षे द्रव बदलला नाही, तर हेच पाणी बिडाच्या सिलिंडरला आणि पोलादी पिस्टनला गंजवते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. पिस्टनभोवतीची फट तर केसाएवढी. ती भरली की पाचरच बसते! मग ब्रेक एका बाजूला लागतो, दुसऱ्या बाजूला लागत नाही आणि गाडी ओढ खाते.

हातोडीने ठोकून किंवा पक्कडीने पिळून पिस्टनवर ओरखडे पडतात. त्यापेक्षा द्रवाचा दाब बरा. हिशोब करून पाहू. ५ सेंटिमीटर व्यासाच्या पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे १९.६ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ७ किलो दाबाची हवा दिली, तर जोर सुमारे १३७ किलो. कॅलिपरला नळी जोडायच्या छिद्रात निपल बसवून, बाकीच्या वाटा बंद करून, साध्या ग्रीसगनने २०० किलोचा दाब दिला, तर जोर जवळजवळ ४ टन! एका कॅलिपरमध्ये दोन पिस्टन असतील, तर आधी सुटलेला क्लॅम्पने धरून ठेवावा लागतो, नाहीतर सगळा दाब तिथूनच निसटतो. ग्रीसने रबर फुगते, म्हणून काम झाल्यावर जुन्या रिंगा टाकून नव्या घालतात.

खरा फरक सुरक्षिततेचा आहे. हवा दाबली की तिच्यात स्प्रिंगसारखी ऊर्जा साठते. पिस्टन सुटताच ती मोकळी होते आणि पिस्टन गोळीसारखा उडतो. बोटे तुटण्याचा धोका असतो. ग्रीस जवळपास दाबलेच जात नाही. पिस्टन किंचित सरकला की दाब उतरतो.

हा फरक वर्गात सहज दाखवता येईल. सुई नसलेल्या दोन सिरिंज घ्या. एकीत हवा, दुसरीत बुडबुडा न ठेवता पाणी भरा. तोंड बोटाने घट्ट बंद करून दट्ट्या दाबा आणि सोडा. हवेचा दट्ट्या आत जाऊन उसळून मागे येईल, पाण्याचा जागचा हलणार नाही. मग विद्यार्थ्यांनाच विचारा: पिस्टन सोडवायला यांतले काय वापराल, आणि ब्रेकच्या नळीत यांतले काय मुळीच नको?