टी-हब

टी-हब : नवोदित तंत्रोद्योगांच्या साहाय्यार्थ तेलंगण राज्यशासनाच्या पुढाकाराने हैदराबादेत स्थापन झालेली संस्था. २ जून २०१४ रोजी तेलंगण हे स्वतंत्र राज्य अस्तित्वात आल्यानंतर अल्पावधीतच, ५ नोव्हेंबर २०१५ रोजी, गच्चीबावली येथील ट्रिपल आयटी या शिक्षणसंस्थेच्या आवारात रतन टाटा यांच्या उपस्थितीत तिचे उद्घाटन झाले. ट्रिपल आयटी, इंडियन स्कूल ऑफ बिझनेस आणि नालसार हे विधिविद्यापीठ यांचा सहभाग मिळाल्यामुळे, तांत्रिक ज्ञान, व्यवस्थापन व कायदा या ज्या तीन बाबींपाशी नवउद्योजकाचे पाऊल बहुधा अडखळते, त्यांची तरतूद एकत्र करणे शासनास शक्य झाले. २८ जून २०२२ रोजी रायदुर्ग भागातील प्रशस्त इमारतीत संस्थेचा विस्तार झाला.

टी-हबच्या जोडीने शासनाने पूरक संस्थांचे जाळे विणले. महिला उद्योजकांसाठी २०१८ मध्ये वी-हब, तर वस्तुनिर्मिती करणाऱ्यांसाठी टी-वर्क्स ही कार्यशाळा उभी राहिली. तिची इमारत २०२३ मध्ये खुली झाली. संगणक-प्रणाली रचणाऱ्यास मेज, वीज व इंटरनेट पुरते. परंतु उपकरण घडविणाऱ्यास प्रथम एकच नमुना हवा असतो, आणि एका नगाची मागणी सहसा कोणताही कारखाना स्वीकारीत नाही. लेसर-कर्तन, त्रिमितीय मुद्रण व विद्युत्‌मंडल-पट्टिका बनविण्याची यंत्रे टी-वर्क्समध्ये उपलब्ध असल्याने ही अडचण दूर होते. भांडवल व पहिला ग्राहक मात्र अखेरीस उद्योजकालाच मिळवावा लागतो. टी-हब त्यासाठी प्रामुख्याने परिचय घडवून देते.