रेवडी, दाढ आणि उघडमीट होणारी जनुकं

डोळ्यात कोळशाचा कण गेलाय ना? चोळू नका, चला. ज्या छोट्या गाडीतून तुम्ही उतरलात, तिला पुढे सगळे शकुंतला म्हणणार आहेत. गाव यवतमाळ, साल 1924, दिवस बाजाराचा. जिनाबाहेर कपाशीच्या बंड्या खोळंबल्यात. रुईचे तंतू घामेजल्या मानेला चिकटतायत, शेणाचा आणि तळणीच्या तेलाचा वास एकदमच नाकात शिरतोय. सरका, मागून बैल येतोय!

पलीकडे घोळका जमलाय. एक बाई दुखऱ्या दाढेतून ‘किडा’ काढून दाखवतेय. समोरच्या पोराचा गाल टम्म सुजलाय, तरी मुठीतली रेवडी काही सुटत नाही. दाढेत किडा नसतोच. खरं काय असतं ते बघायचं तर लहान व्हा, आणखी लहान, आणि शिरा त्याच्या तोंडात.

आत दमट उकाडा. दाढेच्या खाचेत मण्यांच्या माळांसारखे जिवाणू दाटलेत. स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स. याच वर्षी तिकडे लंडनमध्ये क्लार्क नावाचा संशोधक त्यांना हे नाव देतोय. सकाळपासून पोटात काही नाही, म्हणून मिळेल ती साखर ओढून घेणारी जनुकं त्यांनी उघडी ठेवलीत.

कडकड! पोरानं रेवडी फोडली. गोड लाट अंगावर येते आणि आतला कारभारच पालटतो. पेशीतली नियंत्रण यंत्रणा दुय्यम शर्करांची बरीच जनुकं मिटवायला लागते. पेशीच्या पडद्यात बसलेलं विक-के नावाचं प्रथिन बाहेरचा अंदाज घेतं, आतल्या विक-आरला खबर देतं, आणि जीटीएफ जनुकांचा जोर ठरतो. त्यांची विकरं साखरेपासून ग्लुकॅनचा चिकटा विणतात. पाय उचलून बघा. उचलत नाही ना? अख्खी वस्ती त्याच चिकट्यावर दाढेला धरून आहे.

गर्दी वाढली की जिवाणू एक छोटं पेप्टाइड बाहेर सोडतात. ते पुरेसं साठलं की शेजाऱ्यांचीही जनुकं जागी होतात. आता लॅक्टिक आम्ल झोंबू लागतं. सामू 5.5च्या खाली उतरला की तुमच्या पायाखालचं दंतवल्क विरघळायला लागतं. हे जिवाणू मात्र प्रोटॉन बाहेर फेकणारे पंप वाढवून तग धरतात, वर पुढच्या उपासासाठी पोटात ग्लायकोजेनही साठवतात. एवढ्याशा जिवाची ही तयारी बघून मी दर वेळी थक्क होतो.

लाळ हळूहळू आम्ल धुऊन काढतेय, विरघळलेलं खनिज थोडंथोडं परत बसवतेय. तिला तासभर तरी हवा. पण वरून पुन्हा अंधारतंय, पोरानं दुसरी रेवडी तोंडात टाकली.