कृतिकार्ड आणि इंग्रजीचे अध्यापन : एका साधनाचा इतिहास

रत्नागिरी शहराला लागून असलेल्या मिरकरवाडा या मासेमारी बंदरातील मुलाची भाषिक परिस्थिती परभाषाशिक्षणाच्या अभ्यासकास उद्बोधक वाटावी अशी आहे. येथील अनेक घरांत कोकणी मुसलमानांची बोली चालते. शाळेत गेल्यावर मुलास प्रमाण मराठी किंवा उर्दू भेटते आणि तिच्या पाठोपाठ इंग्रजी येते. या किनाऱ्यावरील मुसलमान मच्छीमारांची बोली ग्रीअर्सनने भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) ‘दालदी’ या नावाने नोंदविली व कोकणीच्या बोलींत तिची गणना केली. शालेय पाठ्यक्रमाने मात्र अशा बोलींची दखल क्वचितच घेतली आहे.

महाराष्ट्रात इंग्रजी शिकविण्याची रूढ वाट भाषांतराची होती. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची भाषांतर पाठमाला तिचे ठळक उदाहरण होय. नियम द्यावा, शब्द द्यावेत, मग मराठी वाक्याचे इंग्रजी व इंग्रजी वाक्याचे मराठी करावयास सांगावे, ही तिची रीत. पिढ्यान् पिढ्यांनी या मालेवर इंग्रजी पक्के केले. तिची चेष्टा करणाऱ्यांपैकी पुष्कळांचे स्वतःचे इंग्रजीही तिच्यावरच पोसलेले असते! तथापि या पद्धतीचे एक गृहीतक आहे. प्रमाण मराठी ही विद्यार्थ्याची हातची भाषा आहे, असे ती धरून चालते. ज्याला मराठी वाक्यच आधी उलगडावे लागते, त्याच्यापुढे एका परक्या भाषेवर दुसरी परकी भाषा रचली जाते.

कृतिकार्डाचा उगम या प्रश्नात नाही. तो बालशिक्षणात आहे. १९०७ साली रोममधील सान लोरेन्झो वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह उघडले. तेथील वाचनाच्या खेळाचे वर्णन त्यांच्या १९०९ च्या ग्रंथात आहे. खेळण्यांची नावे लिहिलेल्या चिठ्ठ्या घडी घालून ठेवावयाच्या. मुलाने चिठ्ठी उचलून मनाशी वाचावी व ते खेळणे घ्यावे. पुढे असे आढळले की, मुलांना खेळण्यांपेक्षा चिठ्ठ्याच अधिक हव्याशा वाटतात. मग शब्दांच्या जागी वाक्ये आली. मुलाने आज्ञा मूकपणे वाचून ती कृतीने पुरी करावयाची. अर्थ कळला की नाही हे विचारण्याची गरजच उरली नाही, कारण कृती हेच उत्तर होते. माझ्या मते कृतिकार्डाचे मर्म येथे आहे. येथे आकलनाची साक्ष देण्यास दुसरी भाषा मध्यस्थ म्हणून बोलवावी लागत नाही.

माँटेसरींचा विचार मराठी प्रदेशात रुजविण्यात ताराबाई मोडक यांचा वाटा मोठा. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले आणि महागड्या साधनांच्या जागी परिसरातील स्वस्त वस्तू आणल्या. परंतु ती चळवळ मुलांच्या स्वभाषेतील शिक्षणाची होती, इंग्रजीशी तिला कर्तव्य नव्हते. शिवाय १९४६ ते १९५२ या काळातील खेर मंत्रिमंडळाचे धोरण इंग्रजी आठवीपर्यंत लांबविण्याचे होते. त्यामुळे लहान मुलाच्या हातात इंग्रजी चिठ्ठी देण्याचा प्रसंग मराठी शाळांत फारसा उद्भवलाच नाही.

इकडे परभाषाशिक्षणाचे तज्ज्ञ वेगळ्या वाटेने त्याच ठिकाणी पोहोचत होते. हॅरल्ड पामर यांचे कृतींद्वारे इंग्रजी शिकविण्याविषयीचे पुस्तक १९२५ मध्ये टोकियोत निघाले. त्यात आज्ञा होत्या, पण त्या शिक्षकाच्या तोंडी. कार्डांची विषयवार, श्रेणीवार पेटी बनविण्याचे काम अमेरिकेत झाले. डॉन पार्कर यांची रंगांनी श्रेणी दाखविणारी वाचन-प्रयोगशाळा १९५७ मध्ये बाजारात आली. विद्यार्थ्याने आपल्या रंगाचे कार्ड घ्यावे, उतारा वाचावा, प्रश्न सोडवावेत व उत्तरे स्वतःच ताडून पाहावीत. उजळणीची सोय यात उत्तम झाली. ज्याचे जे कच्चे, त्याने ते कार्ड पुन्हा घ्यावे. पण कृती गेली आणि प्रश्न परत आले. पाठ्यपुस्तकाखालचा स्वाध्याय कातरून जाड कागदावर चिकटविला, एवढाच अनेक ठिकाणी कार्डाचा अर्थ उरला.

भारतात दोन प्रयत्नांनी हा धागा पुन्हा जोडला. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातील शाळांत चालविलेल्या बंगलोर प्रकल्पात वेळापत्रके, नकाशे, अंतरे यांवरील कोडी मुलांपुढे ठेवली. लक्ष अर्थावर राहिले की व्याकरण नकळत बसते, ही त्यांची भूमिका. तिचा दुसरा अर्धा भाग मला पूर्णपणे पटलेला नाही. दुसरा प्रयत्न आंध्रातील ऋषी व्हॅलीचा. तेथे शिडीच्या क्रमाने लावलेल्या कार्डांवर बहुवर्गीय ग्रामीण शाळा चालविल्या गेल्या आणि पुढे तमिळनाडूने ही रीत सरकारी शाळांत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी सुरू झाले, तेव्हा ते शिकविण्याचा भार बहुधा अशा शिक्षकांवर आला ज्यांनी स्वतः इंग्रजी पाचवीत वा आठवीत आरंभिले होते. उच्चाराविषयी साशंक शिक्षकास कार्ड सोयीचे वाटावे हे साहजिक आहे, परंतु धोकाही तेथेच आहे. कार्ड मुके असते. वाचन व लेखन त्याने साधेल. श्रवण व संभाषण साधावयाचे तर आज्ञा एका मुलाने मोठ्याने वाचावी व दुसऱ्याने पाळावी, अशी जोडी लावावी लागते. शब्दांचा क्रम, क्रियापदांची रूपे यांसाठी नियम सांगण्याचे कामही कार्ड करीत नाही. तेथे तर्खडकरांची शिस्त आजही उपयोगी पडावी.

मिरकरवाड्यासाठी एक संच कल्पून पाहू. पहिल्या कार्डावर जेटीचे रेखाचित्र व आज्ञा : बर्फाच्या कारखान्याजवळची होडी निळी रंगव. दुसऱ्यावर बांगडा, सुरमई व पापलेट यांचे दर आणि ठरावीक रकमेत कोणती मासळी किती येईल हा हिशेब. तिसऱ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा व होडी केव्हा बाहेर काढावी हा प्रश्न. मजकूर सारा इंग्रजीत. चित्र आणि आकडे मात्र मुलाच्या परिचयाचे. घरी दालदी बोलणारा, मराठी शाळेतला व उर्दू शाळेतला, असे तिघेही हा संच घेऊन एका बाकावर बसू शकतील. भाषांतराच्या वहीत मात्र पहिल्याला आपल्या वाक्यासाठी रकानाच मिळत नाही.