आजीव सदस्य पद्धती (डेक्कन एज्युकेशन सोसायटी)

आजीव सदस्य पद्धती ही पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी स्वीकारलेली सेवेची पद्धती होय. अल्प वेतन, दीर्घ सेवा आणि संस्थेच्या कारभारात शिक्षकांचाच अधिकार ही तिची मुख्य सूत्रे होती.

स्वरूप

विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आदींनी १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. लवकरच गोपाळ गणेश आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८४ साली सोसायटीची व १८८५ साली फर्ग्युसन महाविद्यालयाची स्थापना झाली. आजीव सदस्य वीस वर्षांच्या सेवेची प्रतिज्ञा करीत. त्यांचे मासिक वेतन पुढे ७५ रुपये झाले. केंब्रिजचे रँग्लर र. पु. परांजपे यांनीही याच वेतनावर प्राचार्यपद सांभाळले.

मतभेद

त्यागाची मर्यादा कोणती, हा वादाचा विषय ठरला. जेझुइट धर्मोपदेशकांप्रमाणे सदस्यांनी सर्व वेळ संस्थेलाच द्यावा व बाहेरील मिळकत स्वतःकडे ठेवू नये, असे टिळकांचे मत होते. कर्तव्य पार पाडल्यानंतरचा वेळ ज्याचा त्याचा आहे व तुटपुंज्या वेतनात संसार चालत नाही, अशी आगरकर आणि इतरांची भूमिका होती. गोपाळ कृष्ण गोखले यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद स्वीकारल्यावर वाद विकोपाला गेला आणि १८९० साली टिळकांनी राजीनामा दिला. सामाजिक सुधारणांविषयीचे मतभेदही त्यामागे होते.

प्रभाव

गोखले यांचा भारत सेवक समाज (१९०५) आणि आजीव सदस्य राहिलेल्या धोंडो केशव कर्वे यांचा निष्काम कर्म मठ (१९०८) या संस्थांतही अल्प वेतनावरील आजीव सेवेचे तत्त्व आढळते.