यंत्राहून दीर्घायुषी चकती

आभासी यंत्र, म्हणजे एका प्रत्यक्ष संगणकावर सॉफ्टवेअरच्या आधारे उभा केलेला दुसरा स्वतंत्र संगणक, आणि त्याची चकती यांची आयुष्ये वेगवेगळी असू शकतात, ही कल्पना क्लाउडच्या जमान्यापूर्वीची आहे. आयबीएमने १९७२ मध्ये जाहीर केलेल्या व्हीएम/३७० या प्रणालीत मोठ्या चकतीचे भाग पाडून प्रत्येक वापरकर्त्याला ‘मिनीडिस्क’ दिली जाई; काम संपवून तो बाहेर पडला की त्याचे आभासी यंत्र नाहीसे होई, पण मिनीडिस्कवरील फायली पुढच्या खेपेपर्यंत जशाच्या तशा राहत.

अमेझॉनने ऑगस्ट २००६ मध्ये ताशी १० सेंट भाड्याने आभासी यंत्रे देणारी ईसी२ ही सेवा चाचणी स्वरूपात सुरू केली, तेव्हा मात्र ही सोय तीत नव्हती. यंत्रासोबत १६० जीबीची चकती मिळे. परंतु ती ज्या प्रत्यक्ष संगणकावर ते यंत्र चाले त्याच्याच आत असल्यामुळे, यंत्र रीस्टार्ट केले तरी माहिती टिकत असली, तरी भाडेकरूने यंत्र कायमचे बंद केले किंवा मूळ संगणक बिघडला, तर ती परत मिळत नसे. त्याच वर्षी आलेल्या एस३ या साठवणसेवेत माहिती सुरक्षित राहत असली, तरी तीत फाइल संपूर्ण लिहावी लागे, मधला तुकडा बदलता येत नसे; त्यामुळे क्षणोक्षणी लहानसहान नोंदी बदलणाऱ्या डेटाबेसला ती थेट उपयोगी पडत नव्हती.

ही उणीव ऑगस्ट २००८ मध्ये आलेल्या इलॅस्टिक ब्लॉक स्टोअर, अर्थात ईबीएस, या सेवेने भरून काढली. ब्लॉक स्टोरेज म्हणजे ठरावीक आकाराच्या क्रमांकित कप्प्यांत माहिती ठेवण्याची पद्धत, जिच्यात कोणताही कप्पा स्वतंत्रपणे वाचता वा बदलता येतो. १ जीबी ते १ टीबी आकाराचा व्हॉल्यूम, म्हणजे अशा कप्प्यांची आभासी चकती, नेटवर्कवरून यंत्राला जोडावा, त्यावर फाइलप्रणाली तयार करून तो माउंट करावा, म्हणजे वापरासाठी खुला करावा, आणि यंत्र बिघडल्यास सोडवून त्याच विभागातील, म्हणजे अमेझॉनच्या डेटासेंटरांच्या त्याच गटातील, दुसऱ्या यंत्राला लावावा, अशी ही रीत होती. व्हॉल्यूमची त्या क्षणाची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, एस३मध्ये ठेवता येई. डिसेंबर २००९ पासून यंत्र व्हॉल्यूमवरूनच सुरू करता येऊ लागले. त्यामुळे ते थांबवून यंत्राचे भाडे वाचवावे आणि पुढे पूर्वीच्याच चकतीसह पुन्हा चालवावे, हे शक्य झाले.

मात्र टिकाऊ साठवण म्हणजे अभेद्य साठवण नव्हे, हे २१ एप्रिल २०११ रोजी अमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातील केंद्रात दिसून आले. नेटवर्कची क्षमता वाढवण्याच्या कामात वाहतूक चुकून कमी क्षमतेच्या मार्गावर वळवली गेली आणि व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या अनेक साठवण-संगणकांचा, दुसऱ्या संगणकांवर ठेवलेल्या आपल्या माहितीच्या प्रतिकृतींशी संपर्क तुटला. दुरुस्ती होताच ते सर्व एकाच वेळी नव्या प्रतिकृतींसाठी मोकळी जागा शोधू लागले. जागा संपली आणि असंख्य व्हॉल्यूम अडकून पडले. अखेरीस बाधित विभागातील ०.०७ टक्के व्हॉल्यूम सुसंगत स्थितीत परत मिळाले नाहीत.

२०१२ मध्ये गूगलची पर्सिस्टंट डिस्क आणि ओपनस्टॅक या मुक्तस्रोत क्लाउड-सॉफ्टवेअरचा सिंडर हा साठवण-घटक आले, तेव्हा ही रचना एका कंपनीपुरती उरली नाही. यंत्राच्या नाशापासून माहिती वाचवण्याचा प्रश्न या व्यवस्थेने सोडवला. परंतु खुद्द व्हॉल्यूमच्या किंवा अख्ख्या विभागाच्या बिघाडापासून ती वाचवण्यासाठी वेळोवेळी स्नॅपशॉट काढून अन्यत्र ठेवण्याची जबाबदारी वापरणाऱ्यांकडेच राहिली.