हाताचे चिलखत

मंडळी, तुम्ही म्हणाल, हातमोज्यांना कसला आलाय इतिहास? इतिहास राजांना असतो, लढायांना असतो. पण जरा वणीजवळच्या राजूरकडे चला. कोळशाची खाण आणि चुनाभट्ट्या यांसाठी ओळखले जाणारे हे गाव. भोवताली कपाशीचा मुलूख. कोळसा हात खरवडतो, चुना भाजतो आणि फवारणीचे विष कातडीवाटे अंगात उतरते. एकाच शिवारात हाताचे तीन वैरी! मग हाताला चिलखत कुणी केले आणि कुणासाठी, हे पाहायला नको का?

रामायण-महाभारतातल्या धनुर्धरांच्या वर्णनात 'गोधांगुलित्राण' हा शब्द येतो. गोधा म्हणजे घोरपड. तिच्या चिवट कातड्याचे, बोटांना दोरीपासून जपणारे आवरण, असा त्याचा अर्थ करतात. पुढे लढवय्यांचे लोखंडी दस्ताने आले. आपल्या मराठ्यांच्या पट्ट्याला तर मुठीसकट मनगट झाकणारा खोबळाच असे. शस्त्र धरणाऱ्या हाताची अशी काळजी घेतली गेली. विळा, कुऱ्हाड नि कुदळ धरणाऱ्या हाताला मात्र घट्टे हेच चिलखत!

रबरी मोज्याची गोष्ट निराळी आहे. रबर गंधकाबरोबर तापवले की टिकाऊ होते, हे १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर यांना उमगले. त्यानंतर पन्नासएक वर्षांनी अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथे, जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात, कॅरोलाइन हॅम्प्टन नावाच्या परिचारिकेचे हात जंतुनाशक द्रावणाने सोलवटू लागले. ते पाहून शस्त्रवैद्य हॉलस्टेड यांनी तिच्यासाठी पातळ रबरी मोजे करवून घेतले. रोग्यासाठी नव्हे हो, काम करणारीच्या हातांसाठी! रोग्याला त्यांचा लाभ होतो, हे मागाहून ध्यानी आले.

आता आपल्याकडे या. १९५८ मध्ये केरळात पॅराथिऑन हे कीटकनाशक वाहतुकीत अन्नधान्यात मिसळले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यातून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा झाला, १९७१ मध्ये त्याचे नियम आले. विष हाताळणाऱ्याला द्रव आत न शिरू देणारे, मनगट नि कोपर यांच्या मध्यापर्यंत पोचणारे मोजे हवेत, असे त्या नियमांत लिहिले आहे. तरीही २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. नियम होऊन तेव्हा सेहेचाळीस वर्षे लोटली होती! नुसत्या मोज्यांनी सारेच टळले असते असे नाही. विष श्वासावाटेही जाते. पण कागदावरचा मोजा मजुराच्या हातात पोचला नाही, हेही खरेच.

म्हणून निवड नीट करा. फवारणीला नायट्राइल या कृत्रिम रबराचे लांब, अस्तर नसलेले मोजे घ्या. कापडी किंवा कातडी मोजा विष शोषतो आणि दिवसभर हाताला चिकटवून ठेवतो. तो नसलेला बरा. बाटलीतले पाणी न मिसळलेले औषध सर्वांत जहाल, म्हणून ते मोजतानाच मोजे हवेत. वापरण्याआधी मोज्यात हवा कोंडून दाबा. भोक असेल तर कळेल. काम झाल्यावर मोजे हातातच साबणाने धुवा, मग काढा.

कुऱ्हाड, काटेरी झुडपे, दगड-कोळसा यांना कातडी मोजे चांगले. कळीच्या चुन्याला मात्र कातडे नको. कातडे कमावताना केस काढायला चुनाच लावतात, हे विसरू नका! तिथे मनगटाशी घट्ट बसणारे रबरी मोजे घ्या, कारण घामाशी गाठ पडली की चुना तापतो. आणि कडबाकुट्टी किंवा मळणीयंत्र चालू असताना कसलाच मोजा घालू नका. फिरत्या भागात तो अडकला की हातच ओढला जातो.

मोजे कुणी द्यायचे? कामाला लावील त्याने. मजुरी ठरते तेव्हाच मोज्यांचेही ठरवा. शिक्षक मित्रांनो, हा कायदा मुलांना इतिहासाच्या तासाला सांगा. त्यांच्यापैकी कित्येकांचे आईवडील उद्या सकाळी पंप पाठीला लावणार आहेत.