पटावर कोणाला बसवायचे?

बुद्धिबळाचा पट प्रत्येकाच्या घरी नसला तरी गावात कुठे ना कुठे असतोच. देवळाच्या ओट्यावर म्हणा, शाळेच्या कपाटात म्हणा. त्या खेळात एक मोठी सोय आहे. दोन्ही बाजूंचे सैन्य सारखेच असते. पांढऱ्याला दोन हत्ती, तर काळ्यालाही दोनच. पांढरा राजा कोणत्या घराण्यातला, असा प्रश्न कोणी विचारीत नाही.

पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत संगणकावर आणि पुढे मोबाइलवर जे राज्यांचे खेळ आले, त्यांची तऱ्हा निराळी आहे. तिथे खेळणारा आधी एखादे राज्य किंवा एखादी संस्कृती निवडतो. मग शेती वाढवायची, शहरे वसवायची, सैन्य उभे करायचे आणि शेजाऱ्याला मागे टाकायचे. तुमच्या घरातली मुले हे खेळ खेळत असतील. 'काय हे खूळ!' म्हणून आपण उठून जातो. मीही जात होतो. परंतु त्या खेळांत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो इतिहासाचा प्रश्न आहे. पटावर कोणाला बसवायचे आणि कोणाला नाही, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून?

काही उदाहरणे पाहू. 'सिव्हिलायझेशन' नावाचा खेळ १९९१ साली अमेरिकेत निघाला. त्यात जगातली १४ राष्ट्रे घेतली होती. त्यांत भारत होता आणि भारताचा नेता म्हणून महात्मा गांधी होते! ज्या माणसाने जन्मभर शस्त्राला हात लावला नाही, त्याच्या नावाने मुले फौजा पाठवू लागली. 'एज ऑफ एम्पायर्स' या खेळाचा दुसरा भाग १९९९ साली आला. विषय मध्ययुगाचा, राज्ये १३, आणि भारताचे नावही नाही. २०१३ साली 'भारतीय' असे एकच नाव त्यात घातले गेले. २०२२ साली खेळ करणाऱ्यांच्या लक्षात आले असावे की एवढा मोठा देश एका नावात मावत नाही. मग त्यांनी हिंदुस्तानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर अशी चार नावे केली. देवगिरीच्या यादवांचे नाव त्या चारांत नाही. मराठ्यांना मात्र २००९ च्या 'एम्पायर : टोटल वॉर' या खेळात स्वतंत्र जागा मिळाली, कारण तो खेळच अठराव्या शतकाचा आहे.

म्हणजे यादी काही आकाशातून पडत नाही. ती माणसे करतात, आणि चुकले तर दुरुस्तही करतात.

आता घरची गोष्ट सांगतो. माझ्या वर्गातल्या काही विद्यार्थ्यांनी पुठ्ठ्यावर आपल्याच भागाचा असा एक खेळ करायचे ठरवले. नाशिक आणि भोवतालचा मुलूख. यादी करायला ते माझ्याकडे आले. मी भराभर नावे सांगितली : सातवाहन, यादव, बागलाणचे बागूल, मोगल, मराठे. हरसूलकडचा एक मुलगा मागे उभा होता. तो म्हणाला, "सर, आमच्या बाजूचं कुणी घेता येईल का?"

मी म्हणालो, "अरे, तिकडे डोंगर आणि जंगल. राज्य कुठे होते?"

तो हळूच म्हणाला, "जव्हारला मुकणे राजे होते ना, सर?"

खरे सांगतो, मी ओशाळलो. जव्हारचे महादेव कोळी घराणे हे काही लपलेले प्रकरण नाही. १३४३ साली दिल्लीच्या सुलतानाने त्या घराण्यातल्या नेमशहाला राजा म्हणून मान्यता दिली, अशी त्यांची परंपरा सांगते, आणि ते संस्थान १९४८ साली विलीन होईपर्यंत टिकले. इतकी वर्षे टिकलेली घराणी महाराष्ट्रात फार नाहीत. तरी ते नाव माझ्या तोंडी आले नाही. अज्ञान हे कारण नव्हते. 'राज्य' म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे जे चित्र येते, त्यात डोंगरातला राजा बसतच नव्हता.

आम्ही जव्हार यादीत घेतले. तेवढ्यावर मी सुटलो असतो. पण तो मुलगा पुढे म्हणाला, "आमचे आजे-पणजे काही राजे नव्हते, सर. ते नागली पिकवीत होते. त्यांना पटावर कुठं ठेवायचं?"

या प्रश्नाचे उत्तर मला पुस्तकात लगेच सापडले नाही. सापडले ते पांडवलेण्यांत.

नाशिकच्या दक्षिणेला मुंबईच्या रस्त्यावर त्रिरश्मी डोंगर आहे. तिथली २४ लेणी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. नाव पांडवांचे असले तरी लेणी बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली आहेत. या एका डोंगरावर किती लोकांची नावे आहेत पाहा. सातवाहनांचा कृष्ण राजा तिथे आहे. क्षहरात नहपानाचा जावई उषवदात आहे. हे घराणे शकांचे, म्हणजे बाहेरून आलेल्यांचे. एक लेणे इंद्राग्निदत्त नावाच्या उत्तरेकडच्या यवनाने दिले आहे. यवन म्हणजे इथे ग्रीक. आणि तिसऱ्या शतकातला आभीर राजा ईश्वरसेन आहे. खेळासाठी यादी हवी ना? मग ही घ्या, दगडावर तयार आहे.

या यादीची खुबी अशी की हे सगळे एकमेकांचे शेजारी, वैरी किंवा वारस आहेत. अशोक विरुद्ध नेपोलियन असला मेळ इथे नाही. सातवाहन गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला. त्याचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला सापडला. चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा तो साठा होता. नाणी नहपानाची, पण त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला! जुनी नाणी वितळवीत न बसता त्यावरच नवा शिक्का ठोकून दिला. बाजारात बसलेल्या वाण्याला त्या दिवशी समजले असेल की राजा बदलला.

खेळात इथेच गोष्ट संपते. एकाचा रंग जातो, दुसऱ्याचा येतो. परंतु लेणे पुढे बोलते. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राचे दोन हुकूम कोरलेले आहेत. पहिला त्याच्या राज्याच्या १८ व्या वर्षाचा. विजयी सैन्याच्या छावणीतून तो गोवर्धनच्या अमात्याला कळवतो की उषवदाताकडे असलेले २०० निवर्तने शेत आता भिक्षूंना दिले आहे. निवर्तन हे त्या काळचे जमिनीचे माप. तलाठ्याच्या दप्तरात आज आपण जो फेरफार पाहतो, तसाच हा फेरफार आहे म्हणा ना! दुसरा हुकूम २४ व्या वर्षाचा, म्हणजे सहा वर्षांनंतरचा. त्यात म्हटले आहे की ते दिलेले शेत कोणी कसत नाही आणि त्या गावात वस्तीही नाही. म्हणून त्याऐवजी शहराच्या शिवेवरच्या सरकारी शेतातली १०० निवर्तने द्यावीत.

गाव ओस का पडले, हे हुकुमात लिहिलेले नाही, आणि मीही तर्क लढवीत नाही. पण तुम्ही शेतकरी आहात. राजा जिंकला, शेताचे कागद बदलले, आणि तरी शेत पडीक राहिले, याचा अर्थ तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो. शेताला कसणारा लागतो. नागली पिकवणाऱ्या त्या आजोबांची जागा कुठे आहे, ते मला तिथे समजले. राजाच्या विजयाची किंमत त्याच्या नांगरावर ठरते.

दुसरी एक गोष्ट. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे मिळून ३,००० कार्षापण कायमची ठेव ठेवली. श्रेणी म्हणजे कारागिरांचा संघ. मुद्दल परत मागायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. त्यातले २,००० दरमहा शेकडा एक दराने होते आणि त्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण कापडासाठी द्यायचे होते. गुरुजींनी हे गणित मुलांना जरूर घालावे. महिन्याला २०, वर्षाला २४०. आणि २० भिक्षूंना १२ प्रमाणे २४०. हिशेब चोख जमतो. पुढे आभीर ईश्वरसेनाच्या काळी विष्णुदत्ता नावाच्या एका शक स्त्रीने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी अशीच ठेव ठेवली. तीही श्रेणींकडेच : पाण्याची यंत्रे करणारे, तेली यांच्याकडे.

नीट विचार करा. राजे बदलले, घराणी बदलली, पण पैसा विश्वासाने ठेवायचा तो विणकराकडे आणि तेल्याकडे. संस्कृती असे आपण ज्याला म्हणतो, ती टिकवून धरणारे हे हात होते. मग पटावर फक्त राजाची सोंगटी का?

अर्थात, ज्यांनी एकही अक्षर कोरले नाही, त्यांचे काय? प्रवरेकाठी जोर्वे येथे आणि नाशिकच्या मातीच्या गढीत १९५०-५१ साली डॉ. सांकलिया आणि डॉ. देव यांनी उत्खनन केले. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची रंगीत मडकी आणि दगडी पाती तिथे मिळाली. दायमाबादला तर १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना काशाची चार शिल्पे सापडली : रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. या लोकांच्या एकाही राजाचे नाव आपल्याला ठाऊक नाही. राज्यांच्या खेळाला तर नेता लागतो, शहरांची नावे लागतात, खास सैनिक लागतो. म्हणून हे लोक यादीत येत नाहीत. दोष त्यांचा नाही, आपल्या मापाचा आहे.

पण नुसते यादीत घातले म्हणजेही न्याय झाला, असे नाही. 'सिव्हिलायझेशन'च्या पाचव्या भागात अमेरिकेतल्या प्वेब्लो या मूळनिवासी लोकांना घ्यायचा विचार होता. त्यांच्या पुढाऱ्यांनी आपल्या पूर्वजाला खेळातले पात्र करण्यास नकार दिला, तेव्हा कर्त्यांनी तो बेत सोडला आणि २०१३ साली शोशोनी लोकांना घेतले. २०१८ साली सहाव्या भागात कॅनडातले क्री लोक आले. त्यांच्यातल्या एका पुढाऱ्याने उघड तक्रार केली की दुसऱ्यांची भूमी जिंकण्याची रीत आमची नव्हेच. खेळ मात्र आम्हालाही तसेच दाखवतो. हे बोलणे विसरण्यासारखे नाही. ज्यांना पटावर बसवायचे, त्यांना आधी विचारावे. एवढी रीत तर आपण लग्नाच्या पंगतीतही पाळतो.

तेव्हा आमच्या मुलांनी शेवटी पट कसा केला, ते सांगतो. शिक्षकांना वर्गात करून पाहता येईल. पुठ्ठा, खडू आणि चिंचोके एवढ्यावर भागते.

काळ एकच धरला, लेण्यांचा. म्हणून जव्हारची सोंगटी पुढच्या काळाच्या दुसऱ्या पटासाठी राखून ठेवली. राज्ये तीन घेतली : सातवाहन, क्षहरात, आभीर. कोण थोर, हे माप टाकून दिले. कोणाचा कोणाशी संबंध आला, हे माप घेतले. श्रेणीची सोंगटी कोणत्याच राजाची नाही. ती गोवर्धनला बसून असते. ठेव कोणीही ठेवावी आणि व्याज घ्यावे. शेत जिंकले की ते एक डाव पडीक राहते, हा नियम गौतमीपुत्राच्या दुसऱ्या हुकुमावरून घेतला. गंमत अशी झाली की या एका नियमाने मुले लढाई करण्याआधी दोनदा विचार करू लागली.

आणि पटावर एक घर मुद्दाम रिकामे ठेवले. ज्यांचा लेख नाही, नाणे नाही, त्यांच्यासाठी. त्या घरावर सोंगटी आली की खेळणाऱ्याने आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून आणलेली एक गोष्ट सांगायची : डोंगराचे जुने नाव, बियाणे राखण्याची रीत, शिवेवरचा देव. सांगता आली नाही, तर एक डाव थांबायचे. हरसूलच्या त्या मुलाला या घरावर कधीच थांबावे लागले नाही. मला मात्र दोनदा थांबावे लागले.

वाचकहो, हे खेळ मुलांच्या हातून आपण काढून घेऊ शकणार नाही, आणि काढूही नयेत. पण मूल खेळत असेल तेव्हा शेजारी बसून एवढे विचारा : "यात कोण कोण आहे? आणि कोण नाही?" दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ते शोधू लागले की इतिहासाचा अभ्यास सुरू झाला म्हणून समजा.